दानाचा आकडा एप्रिलमध्येच ठरवा

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

बंधुभगिनींनो, गोव्यात देणाऱ्याचा हात आखडता नाही. चवथीची, म्हणजे गणेशोत्सवाची, वर्गणी, जत्रेतला महाप्रसाद, वाड्यावरच्या क्लबाच्या स्पर्धेचे बक्षीस, गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) दाखल झालेल्या शेजाऱ्याच्या औषधांना हातभार, फोनवर फिरत आलेले आजारी बाळाचे आवाहन. पैसे वर्षभर जातच असतात. पण कुणाला किती द्यायचे, हे आपण ठरवत नाही. दारात जो उभा राहतो, ज्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही, तो ते ठरवतो. अंथरुणाला खिळलेली म्हातारी किंवा बोलता न येणारे मूल पावतीपुस्तक घेऊन कधीच येत नाही, आणि त्यांच्या वाट्याला उरलेसुरलेही येत नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच, की आकडा आणि जागा दोन्ही आपण ठरवाव्यात, आणि मागणी यायच्या आधी ठरवाव्यात.

सुरुवात मागच्या वर्षापासून करा. बँकेचे पासबुक आणि मोबाईलवरच्या व्यवहारांची यादी काढा आणि दिलेली प्रत्येक रक्कम एका कागदावर उतरवा. रोख दिलेले आठवून लिहा. घरातल्या सगळ्यांनी मिळून हे करावे, कारण नवरा एकीकडे देतो, बायको दुसरीकडे, आणि बेरीज कुणालाच ठाऊक नसते.

आता आकडा. कर भरून हातात येणारे वर्षाचे उत्पन्न घ्या. घरखर्चाचे सहा महिने भागतील एवढी शिल्लक नसेल, आरोग्यविमा नसेल, क्रेडिट कार्डाचे व्याज चढत असेल, तर आधी ते मिटवा. तोवर एक टक्का पुरे. ते मार्गी लागले असेल तर दोन-तीन टक्क्यांपासून सुरुवात करावी आणि पगारवाढ होईल त्या वर्षी अर्धा टक्का वाढवावा. एकदम दहा टक्के ठरवून दुसऱ्या वर्षी हात काढून घेण्यापेक्षा हे बरे, कारण संस्थेला सर्वांत जास्त छळते ती अनिश्चितता.

ज्यांचे उत्पन्न हंगामी आहे, म्हणजे टॅक्सी, शॅक (किनाऱ्यावरचे तात्पुरते उपाहारगृह), हॉटेलातले काम, त्यांनी आकडा एप्रिलमध्ये न धरता पर्यटनाचा हंगाम सरल्यावर, मेच्या अखेरीस, प्रत्यक्ष कमाईवर धरावा. आणि एकाच वर्षाच्या नव्हे, तीन वर्षांच्या सरासरीवर. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा खनिज वाहणाऱ्या ट्रकमालकांचे काय झाले ते आपण पाहिले आहे. निवृत्तांचे गणित उलटे: मासिक उत्पन्न थोडे, ठेवी मोठ्या. त्यांनी जकातीचा, म्हणजे मुसलमानांच्या धर्मदानाचा, हिशेब समजून घ्यावा. जकात उत्पन्नावर नसते, वर्षभर साठून राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के असते. तोच दर धरा असे मी म्हणत नाही, पण ठेवींकडे पाहून आकडा ठरवण्याची रीत घ्यावी. मात्र मुद्दलाला हात न लावता, व्याजातून.

उदाहरण घेऊ. हातात वर्षाला नऊ लाख येतात, तीन टक्के ठरवले: सत्तावीस हजार. त्यांतले पाच हजार गावासाठी, म्हणजे वर्गणी, देवस्थान, क्लब. हे नात्याचे देणे आहे, ते आनंदाने द्या, पण पाच हजारांत बसवा. पाच हजार अचानक येणाऱ्या हाकेसाठी राखून ठेवा. उरले सतरा हजार. ते सतरा ठिकाणी हजार-हजार वाटू नका. प्रत्येक पावतीमागे संस्थेला नोंद, विवरणपत्र, पत्रव्यवहार लागतोच. एका संस्थेला महिना हजार, बँकेला स्थायी सूचना देऊन. दुसरीला पाच हजार एकरकमी. महिन्याला ठरलेला हजार रुपया संस्थेला का मोलाचा वाटतो? कारण पगार दर महिन्याला द्यावे लागतात.

अचानकच्या हाकेत आजारपण सर्वांत वरचे. तिथे पैसे पाठवण्याआधी एक विचारा: दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आहे का? गोव्यात तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण आहे. कार्ड असेल आणि उपचार त्यात बसत असेल तर शस्त्रक्रियेचा खर्च सुटतो. सुटत नाही तो सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, काणकोणहून बांबोळीला खेपा, घरी आल्यावरचा आहार. दोन हजार रुपये तिथे खरे उपयोगी पडतात.

आता दानाला पात्र संस्था कशी ओळखावी, आणि इथे मी जास्त वेळ घेणार आहे. संस्थेकडून तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका. जमाखर्चाच्या पत्रकात लोक आधी ‘पगार’ ही ओळ पाहतात आणि नाक मुरडतात. दिव्यांग मुलांच्या शाळेत खर्चाचा मोठा हिस्सा पगाराचाच असणार. वाचा-उपचार करणारी बाई, मुलांना व्हॅनमधून उतरवणारी मदतनीस, व्हॅनचा चालक हेच तर ते काम आहे. ‘आमचा प्रशासकीय खर्च शून्य’ असे सांगणारी संस्था तो खर्च दुसऱ्या नावाखाली दाखवत असते किंवा माणसांना राबवून घेत असते.

मग ताळेबंद. ठेवी वर्षाच्या खर्चाच्या चार-पाच पट असतील तर तुमच्या पैशाची तिथे घाई नाही. महिन्याभराचीही शिल्लक नसेल तर पगार वेळेवर होतात का ते विचारा. ‘अनुदान येणे बाकी’ हा आकडा मोठा असेल तर ती संस्था सरकारी पैशाची वाट पाहत उधारीवर चालली आहे, आणि तिथे तुमचा वेळेवरचा रुपया जास्त काम करतो. विश्वस्तांना दिलेली उसनवार रक्कम दिसली, की पत्रक मिटून ठेवा. शेवटी फोनवर एकच प्रश्न: ‘पुढच्या वर्षी माझे दहा हजार आले नाहीत तर काय थांबेल?’ चांगल्या संस्थेकडे याचे उत्तर नेमके असते.

पसंती झाली की पैसे मोकळे द्या. माझ्या आजोबांच्या नावाचा बाक, वॉटर कूलर, पाटी असा हट्ट धरू नका. संस्थेकडे कूलर असतात आणि विजेचे बिल भरायला पैसे नसतात. वस्तूंचेही तसेच. जुलै २०२१ मध्ये म्हादईला पूर आला आणि सत्तरीत घरे पडली. अशा वेळी जुने कपडे लगेच गोळा होतात आणि ते निवडण्यात कार्यकर्त्यांचे दिवस जातात. छप्पर, कागदपत्रे, बुडालेले कुळागर (सुपारी-नारळाची बाग) यांची गरज पुढचे कित्येक महिने राहते. पुराच्या वेळी अर्धे लगेच द्या, अर्धे चवथीनंतर.

कराचे थोडक्यात. देणगीवर वजावट देणारे १९६१ च्या आयकर कायद्यातले कलम ८०जी जुन्या कररचनेतच उपयोगी. नव्या रचनेत ही वजावट मिळत नाही. दोन हजारांवरची रोख देणगी आणि वस्तुरूप देणगी धरली जात नाही. बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्मी वजावट मिळते, तीही समायोजित एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. म्हणजे साठ हजार दिले, वजावट तीस हजारांची. तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह वाचले ९,३६०. बाकीचे ५०,६४० तुमच्याच खिशातून गेले. संस्थेला पॅन द्या आणि मेअखेर देणगीचे प्रमाणपत्र (१९६१ च्या कायद्याखाली १०बीई) मागून घ्या. त्याशिवाय वजावट अडकते. गुप्तदान करायचे असेल तर अहवालात नाव छापू नका म्हणावे, पण संस्थेच्या दप्तरी ते असू द्यावे. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा आपल्या सी.ए.ला विचारून घ्या.

गोव्यात आणखी दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली, पासपोर्ट. परदेशी असलेला मुलगा भारतीय नागरिक असेल तर त्याची देणगी साधी देणगी. पण त्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारे) असूनही ती विदेशी देणगी ठरते. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच आले पाहिजेत. ती नोंदणी नसताना संस्थेने साध्या खात्यात पैसे घेतले, तर अडचणीत संस्था येते.

दुसरी, घर-जमीन. कुणी म्हणते, माझ्यामागे घर वृद्धाश्रमाला जाऊ दे. इथल्या कायद्याने, वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक. म्हणजे तुमचे अर्धे. मुले असतील तर त्या अर्ध्यातला अर्धा भाग लेजितिमा म्हणून त्यांचा, तो मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. हाती उरला चौथा हिस्सा. हे न पाहता केलेल्या मृत्युपत्राने आश्रमाला घर मिळत नाही, मुलांशी दावा मिळतो. तेव्हा जोडीदाराशी आणि मुलांशी आधी बोला, वकिलाकडून आपला हिस्सा काढून घ्या आणि संस्थेलाही विचारा. सामाईक घरातला चौथा हिस्सा तिला पेलणार नसेल, तर तेवढ्या किमतीची मुदत ठेव तिच्या नावे ठेवण्याची सोय मृत्युपत्रात करता येते.