‘इन हॉस्पिटल’ की ‘ॲट द हॉस्पिटल’?

मंडळाचे पदाधिकारी आणि सभासद बंधुभगिनींनो,

लंडनला येऊन आम्हाला जेमतेम दोन महिने झाले होते, तेव्हा माझे यजमान आजारी पडले आणि त्यांच्या कचेरीला फोनवरून कळवताना मी ‘ही इज ॲट द हॉस्पिटल’ असे सांगितले. पलीकडच्या बाईंनी सौजन्याने विचारले, “कोणाला भेटायला गेले आहेत का?”

ब्रिटनमध्ये रुग्ण म्हणून दाखल झालेला माणूस ‘इन हॉस्पिटल’ असतो. डबा घेऊन गेलेली बायको, तिथे नोकरी करणारी परिचारिका किंवा गळका नळ दुरुस्त करायला आलेला कारागीर ‘ॲट द हॉस्पिटल’ असतो. इमारत ज्या कामासाठी उभी आहे त्याच कामासाठी माणूस तिथे असेल, तर इथले इंग्रजी ‘द’ गाळते, म्हणूनच कैदी ‘इन प्रिझन’ असतो आणि त्याच्या भेटीला गेलेला वकील ‘इन द प्रिझन’. अमेरिकेत मात्र रुग्णालाही ‘इन द हॉस्पिटल’ म्हणतात, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांचे ऐकून इथे बोलू नये. आपल्या मराठीत हा भेद क्रियापद सांभाळते: ‘आईला दवाखान्यात ठेवले आहे’ म्हटले की ऐकणारा लगेच खुर्ची ओढून बसतो, ‘आई दवाखान्यात गेली आहे’ म्हटले तर तो संध्याकाळी पुन्हा फोन करतो.

मुळात या शब्दाचा आजाराशी संबंध नव्हता. लॅटिनमधील ‘होस्पेस’ म्हणजे पाहुणा, आणि यजमानही. त्याच मुळापासून होस्ट, हॉस्टेल, हॉटेल आणि हॉस्पिटल हे शब्द निघाले. वाटसरू, निराधार, वृद्ध यांना आसरा देणारी जागा हा जुना अर्थ इंग्लंडमध्ये काही नावांत अजून टिकून आहे. राजा दुसरा चार्ल्स याने 1682 मध्ये स्थापन केलेल्या चेल्सीच्या रॉयल हॉस्पिटलमध्ये आजही लाल कोटातले निवृत्त सैनिक राहतात, आणि आपल्यापैकी अनेक जण दर मे महिन्यात तिथल्याच आवारात फुलांचे प्रदर्शन पाहायला जातात. वेस्ट ससेक्समधील ख्राइस्ट्स हॉस्पिटल ही तर 1552 साली स्थापन झालेली निवासी शाळा आहे. गोव्याच्या कोकणीत हाच शब्द पोर्तुगीजांकडून ‘इस्पितळ’ होऊन आला. पोर्तुगीज उच्चारात आरंभीचा ‘ह’ मुकाच असतो.

नवागतांसाठी एक सूचना. आपण ज्याला कोपऱ्यावरचा दवाखाना म्हणतो, त्याला इथे हॉस्पिटल नव्हे, ‘सर्जरी’ म्हणतात, मग तिथे कधी सुरीही दिसो वा न दिसो. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी सकाळी “सर्जरीत जाऊन येते” असे सांगून बाहेर पडले. तासाभराने खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी घेऊन परतले, तोवर त्यांनी देव पाण्यात ठेवले होते.