शस्त्रक्रियेनंतरचा न्यूमोनिया : ‘व्हायरलच आहे’ म्हणून थांबू नका

नमस्कार मंडळी. कर्करोगाची शस्त्रक्रिया करून घरी आलेल्या माणसाला सर्दी-खोकला झाला तर काय करावे, असे अनेकांनी विचारले आहे आणि जवळजवळ प्रत्येकाने पुढे लिहिले आहे, “व्हायरल आहे म्हणतात, उतरेल.” आपल्या गावांत व्हायरल म्हणजे तीन दिवसांचा ताप, असा अर्थ रूढ झाला आहे, मला भीती वाटते ती याच शब्दाची.

कारण थोडक्यात सांगतो. टाके दुखतात म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, जोर लावून खोकत नाही आणि कफ साचतो. त्यात केमोने (कर्करोगावरच्या औषधोपचाराने) प्रतिकारशक्ती खचलेली असते. अशा फुफ्फुसात फ्लूचा, आरएसव्हीचा (हाही श्वसनाचा एक विषाणू) किंवा कोरोनाचा विषाणू सहज पसरतो आणि न्यूमोनिया, म्हणजे फुफ्फुसाचा संसर्ग, होतो. लस येण्यापूर्वी, २०२० साली, शस्त्रक्रियेच्या सुमारास कोरोना झालेल्या १,१२८ रुग्णांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यांतले २३.८ टक्के महिनाभरात दगावले. ते सगळे कर्करोगाचे रुग्ण नव्हते, तरीही धोका किती मोठा असू शकतो, हे त्यावरून कळते.

माझ्या मोठ्या बाबांना (वडिलांच्या थोरल्या भावाला) खर्ऱ्याने, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने, जबड्याचा कर्करोग झाला आणि नागपुरात शस्त्रक्रिया झाली. घरी आणले तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते, तरी पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली. एक पाहुणे नाक ओढत त्यांच्या बाजेवर बसले. त्यांना उठा म्हणायचा संकोच मीही केला. चौथ्या दिवशी मोठे बाबा बोलताना दोन शब्दांच्या मध्ये दम घ्यायला थांबू लागले. ताप नव्हता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. श्वास मोजले, तर मिनिटाला २८ भरले.

म्हणून सांगतो, ताप नसला तरी श्वास मोजा. वयस्कर आणि केमो घेतलेल्या रुग्णांना न्यूमोनियातही कधी कधी ताप येत नाही.

मोजतो आहोत हे रुग्णाला सांगू नका, कारण सांगितले की श्वासाची चाल बदलते. तो शांत पडलेला असताना पोटावरच्या शालीचा काठ किती वेळा उचलला जातो, ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पाहा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, त्यात चूक होते. मोठ्या माणसाचे श्वास साधारण १२ ते २० असतात. २४ च्या पुढे गेले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एका ताईंनी विचारले आहे, “ऑक्सिमीटर आहे, मग श्वास कशाला मोजायचे?” ताई, ऑक्सिजन टिकवण्यासाठी शरीर आधी श्वास वाढवते, त्यामुळे बोटावरचा आकडा पुष्कळदा उशिरा घसरतो. आकडा ९४ च्या खाली आला, तर मात्र रात्र असली तरी निघा.

घरी सलाइन आणि अँटिबायोटिक लावून दिवस काढू नका. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. जिवाणूंचा संसर्ग जोडीला असेल तर ते द्यायचे की नाही, हे तपासणीनंतर डॉक्टर ठरवतील. फ्लूवरचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर अधिक गुण येतो.

निघताना डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या आणि दवाखान्यात पोचताच शस्त्रक्रियेची तारीख, शेवटच्या केमोची तारीख आणि मोजलेले श्वास, या तीन गोष्टी आधी सांगा.