आत्याच्या पाटल्या

नमस्कार श्रोतेहो. देवघरातून उठून स्वयंपाकघरात जायचं आणि तिथं उभं राहून म्हणायचं, "मी कशाला आले बरं?" हे आपल्या सगळ्यांचंच होतं. परत देवापुढं जावं, तर लगेच आठवतं. काडेपेटी! जागा सुटली की आठवण अडते, जागेवर आलं की मोकळी होते. एवढं ध्यानात राहू द्या, पुढं लागणार आहे.

माझी आत्या लोणंदजवळच्या एका खेड्यात राहायची. शाळेसाठी मी तिच्याकडं होते. एका आषाढात माउलींची पालखी लोणंदला आली आणि आत्या वारीला निघाली. आदल्या रात्री तिनं हातातल्या पाटल्या काढून कुठंतरी ठेवल्या. पंढरपूरहून परतली, पाय शेकून झाले, आणि पाटल्या काही सापडेनात. डाळीचे डबे उपसले, कणगी ढवळली, गाद्या उसवल्या. शेवटी सुनेकडं, म्हणजे आमच्या वहिनींकडं बघून म्हणाली, "घरात दुसरं आहे कोण?" वहिनी भाकरी थापत होत्या. थापता हात तसाच राहिला.

गणपती गेले, दिवाळी झाली. कार्तिकीला आत्या पुन्हा निघाली, या खेपेला एसटीनं. तीच कापडी पिशवी, तीच रात्रीची वेळ, तोच मिणमिणता दिवा. शेजारच्या काकूंनी आषाढासारखीच दारातून हाक मारली, "आवरलं का हो आक्का?" आत्या ओ न देता उठली. कोपऱ्यातलं काकडीच्या बियांचं गाडगं पुढं ओढलं, बियांभोवतीच्या राखेत मनगटापर्यंत हात घातला आणि पाटल्या बाहेर काढल्या! पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या गाडग्याला कोण हात लावणार, हा तिचा हिशोब. हिशोब चोख होता, पण तीच विसरली.

पाटल्या राखेत होत्या, तशी आठवणही डोक्यात होतीच. तिथवरची वाट तेवढी बुजली होती, ती त्याच वेळेनं, त्याच हाकेनं मोकळी केली. स्कॉटलंडमध्ये ओबनजवळ पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांवर असाच एक प्रयोग झाला, 1975 साली तो छापून आला. काही शब्द पाण्याखाली ऐकवले, काही काठावर. पाण्यात ऐकलेले पाण्यात जास्त आठवले, काठावरचे काठावर. पुन्हा सांगते, जिथं ठेवलं तिथं सापडतं. (म्हणून तर म्हणते, दहावीच्या पोरांना परक्या शाळेतल्या परक्या बाकावर कशाला बसवता? असो, माझं कोण ऐकतंय!)

निरर्थक गोष्टी मात्र भराभर पुसल्या जातात. एबिंगहाऊस या जर्मन माणसानं अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करून पाहिली, 1885 साली तसं लिहून ठेवलं. तासाभरात निम्म्याहून जास्त गळाली, पुढची गळती मंदावली. मध्ये मध्ये उजळणी केली की गळती कमी होते. आपल्या पावकी-निमकीच्या पाढ्यांचं तेच.

आणि जिव्हारी लागलेलं? ते मेंदू वेगळं जपतो. वहिनींना तो दिवस अजून जसाच्या तसा आठवतो. म्हणजे त्या तसं म्हणतात. दर हळदीकुंकवाला ती गोष्ट होते आणि दर वेळी थोडी नवी होते, कारण आठवण सांगताना आपण ती पुन्हा घडवत असतो. मला दोन पाटल्या आठवतात. वहिनींच्या गोष्टीत हल्ली चार असतात. मोजून बघायची सोय नाही, त्या मोडून नातीचं मंगळसूत्र केलं.