घरात कॉम्प्युटर एक, माणसं पाच, अन् अकाउंट?

नमस्कार मंडळी. वाचनालयानं मला विषय दिलाय तो घरच्या कॉम्प्युटरमधलं स्पायवेअर, म्हणजे आपल्याला न कळता आपली माहिती बाहेर पाठवणारा प्रोग्राम, कसं काढायचं असा. पण मी आधी अकाउंटचं बोलणारे, कारण काढायचं काम एका दुपारचं असतं, ते परत घुसू नये म्हणून जे करायचं ते घरातल्या सगळ्यांना सोबत घेऊनच करावं लागतं. आपल्या परभणी-हिंगोलीकडच्या घरात कॉम्प्युटर बहुतेक एकच असतो. सकाळी लेकरू नीटचे लेक्चर बघायलंय, दुपारी वहिनी बचत गटाचा हिशोब टाकायल्यात, संध्याकाळी काका पीक विम्याचा फॉर्म भरायलेत आणि रात्री धाकटा गेम डाउनलोड करायलाय, आणि हे सगळं एकाच नावाखाली, पासवर्ड नाही काही नाही, चालू केलं की सरळ आत. आणि ते जे एक नाव असतं ना, ते ॲडमिनिस्ट्रेटरचं असतं.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा. त्या अकाउंटमधून चालू झालेला प्रोग्राम एका परवानगीवर विंडोजच्या फायली बदलू शकतो, अँटिव्हायरस बंद करू शकतो, बाकीच्यांच्या फोल्डरमधे जाऊ शकतो. काही इन्स्टॉल करताना स्क्रीन जरा काळी होऊन जी चौकट येते, 'ह्या ॲपला बदल करू द्यायचे का' म्हणून विचारते, ती २००७ मधे विंडोज व्हिस्टा आली तेव्हापासून आहे. पण ॲडमिन अकाउंटमधे ती फक्त हो का नाही एवढंच विचारते, आणि आपण सगळेच न वाचता हो दाबतो. स्टँडर्ड अकाउंट, म्हणजे कमी अधिकारांचं साधं अकाउंट, असेल तर तीच चौकट ॲडमिनचा पासवर्ड मागते. म्हणजे धाकट्याला गेमसोबत काय यायलंय ते पप्पांना किंवा ताईला दाखवावंच लागतं, आणि अर्ध्या भानगडी तिथंच थांबतात.

करायचं कसं ते सांगतो, अवघड नाही. सेटिंग्जमधे अकाउंट्स, तिथं अदर युजर्स, अकाउंट ॲड करा. ते ईमेल मागतं, नसला तर 'ह्या माणसाची माहिती माझ्याकडं नाही' असा पर्याय दिसतो, तो दाबून पुढं मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर बनवता येतो. पहिल्यांदा एक नवीन अकाउंट बनवा, त्याचा टाइप बदलून ॲडमिनिस्ट्रेटर करा, त्याला पासवर्ड टाका आणि एकदा त्यातून लॉगिन होऊन बघा. मग तिथूनच तुमचं रोजचं जुनं अकाउंट स्टँडर्ड करा. जुन्यातले फोटो, फायली, डेस्कटॉप जिथल्या तिथं राहतात, काही हलत नाही. नंतर घरातल्या प्रत्येकाला एकेक स्टँडर्ड. ॲडमिनच्या अकाउंटमधे कुणी बसून काम करायचं नाही, तो पासवर्ड डायरीत लिहून कपाटात ठेवा, चालतं, चोर काही डायरीतला पासवर्ड वाचायला घरात येत नाही.

ह्याला मर्यादा आहे, तीही ऐका. स्टँडर्ड अकाउंटमधेसुद्धा काही प्रोग्राम त्या माणसाच्या स्वतःच्या फोल्डरमधे घुसून बसतात, ब्राउझरचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, तर कुणीही टाकू शकतं. पण मग घाण शक्यतो त्या एका अकाउंटपुरती राहते. बहिणीच्या अकाउंटमधले सेव्ह केलेले पासवर्ड त्या घाणीला असे सहज सापडत नाहीत.

आता काढायचं कसं. पहिलं काम, नेट बंद. वायर काढा, वायफाय बंद करा, कारण स्पायवेअरला माहिती पाठवायला नेट लागतंच. मग इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी तारखेनुसार लावा, जेव्हापासून त्रास सुरू झाला त्या तारखेच्या आसपासचं अनोळखी काय ते काढा. ब्राउझरमधले एक्स्टेन्शन बघा. आणि नोटिफिकेशनची परवानगी कुणाकुणाला दिलीय ते बघाच, कारण खाली उजव्या कोपऱ्यात सारखं 'तुमच्या कॉम्प्युटरमधे पाच व्हायरस' असं येतं ते बऱ्याचदा व्हायरस नसतंच, कुठल्यातरी साइटला कुणीतरी अलाउ दाबलेलं असतं. ती परवानगी काढली की गप्प होतं. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअपमधे सुरुवातीलाच काय काय चालू व्हायलंय तेही बघा. फुल स्क्रीन लाल होऊन फोन नंबर आला तर त्या नंबरला फोन अजिबात करू नका, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो.

मग स्कॅन. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस आतच येतो, घरच्या वापराला तो पुरतो, वेगळं विकत घ्या असं मी कुणाला म्हणत नाही. आपलं सरकारी सायबर स्वच्छता केंद्रही आहे, २०१७ मधे सुरू झालेलं, तिथंही साफसफाईचे टूल फुकट मिळतात. पण स्कॅनच्या आधी एक जागा बघा, जी कुणीच बघत नाही. सेलूकडं एका घरात कॉम्प्युटर दुकानातून दुरुस्त करून आणल्यावरही ब्राउझर आपोआप भलत्याच सर्च पेजवर जायचं, आणि स्कॅन केला की निकाल एकदम साफ, एक धोका नाही. डिफेंडरच्या सेटिंगमधे खाली एक्सक्लुजन्स म्हणून भाग असतो, तिथं बघितलं तर अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला. म्हणजे पहारेकऱ्याला सांगून ठेवलेलं की इथं बघूच नको. विंडोज फुकटात ॲक्टिव्हेट करणारे क्रॅक असतात ना, ते आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात नाहीतर स्वतःच ही नोंद करून ठेवतात, आणि मागच्या दारानं काय आणायचं ते आणतात. ती नोंद काढली, परत स्कॅन लावला, तेव्हा भरभरून सापडलं. त्यानंतर ऑफलाइन स्कॅन लावायचा, त्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊन विंडोज चालू व्हायच्या आधी तपासतो, साधारण पंधरा मिनिटं लागतात, आणि लपून बसलेलं त्यात सापडायची शक्यता जास्त.

एवढं करूनही परत परत येत असेल तर भांडत बसू नका. फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर घ्या, फक्त फोटो आणि कागदपत्रं, सेटअपच्या फायली नाही, आणि विंडोज नव्यानं टाका, क्रॅकशिवाय. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तर मशीन झेपत असेल तर ११ घ्या, नसेल झेपत तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकून बघा, फॉर्म भरायला आणि लेक्चर बघायला ते मस्त चालतं.

आणि पासवर्ड बदला, पण त्याच कॉम्प्युटरवरून साफ व्हायच्या आधी बदलू नका, नवासुद्धा तिकडं जाईल. दुसऱ्या फोनवरून बदला, आधी ईमेलचा मग बँकेचा, आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' हे दाबा, कारण चोरलेल्या लॉगिनवर पासवर्ड न टाकताही आत राहता येतं. पैसे गेले असतील तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन, उद्यावर ढकलायचं नाही, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त.

आत्ता मागून एका दादांनी चिठ्ठी पाठवलीय, मुलगी कॉलेजला जाते, ती काय टाइप करते ते कळायला कुठलं सॉफ्टवेअर टाकू. दादा, तुमची काळजी मला कळते, पण माझं उत्तर नाही असंच आहे. ते सॉफ्टवेअर आणि आपण इतका वेळ काढायला बसलो ते, काम दोघांचंही एकच, प्रत्येक बटण लिहून घेणं आणि कुठल्यातरी अनोळखी कंपनीकडं पाठवणं. असल्या कंपन्यांचा डेटा फुटल्याच्या बातम्या कितीदा आल्यात. शिवाय त्याच कीबोर्डवर तुम्हीही बँकेचा पासवर्ड टाइप करता. लेकरू लहान असेल, सातवी-आठवीतलं, तर मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी आहे, फुकट आहे, वेळ ठरवता येते, काही साइट बंद करता येतात, मात्र साइट बंद होतात त्या एज ब्राउझरमधेच, तर बाकीचे ब्राउझर वापरायचे का नाही तेही ठरवावं लागतं. आणि ते लपून नसतं, लेकराला माहीत असतं. कॉलेजच्या मुलीला तिचं अकाउंट द्या, पासवर्ड तिचा तिला ठेवू द्या, आणि काय वाटतं ते तिच्याशी बोला. घरातल्या बायांनाही वेगळं अकाउंट द्या, हे मी सगळीकडं सांगतो, कारण बचत गटाचा हिशोब, दवाखान्याचे रिपोर्ट, माहेरचे फोटो हे सगळं त्यांच्या नावानं असायला पाहिजे, पोराच्या गेमच्या फोल्डरशेजारी पडलेलं नाही.

बरं, आता वाचनालयाच्या ह्याच कॉम्प्युटरवर नवीन अकाउंट बनवून दाखवतो, मागच्यांनी खुर्च्या घेऊन जरा पुढं या, आणि मावशी, माउस तुम्ही धरा, मी फक्त सांगतो.