क्लिंगॉन देवनागरीत लिहून हवंय? आधी ‘त्ल्ह’ ऐका

नमस्कार मंडळी. क्लिंगॉनचा व्हिडिओ टाकला की खाली तीच मागणी: ‘शब्द देवनागरीत द्या, मग वाचतो आम्ही.’ दिलेत, खाली वर्णनात आहेत. पण नुसते वाचू नका. देवनागरीमुळे मराठी माणसाचं अर्धं काम फुकटात होतं आणि उरलेलं अर्धं पार बिघडतं.

पार्श्वभूमी पटकन. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेतले आणि चित्रपटांतले परग्रहवासी म्हणजे क्लिंगॉन. १९७९च्या चित्रपटात त्यांच्या तोंडी मोजके शब्द होते, ते जेम्स डूहान या नटाने रचले. १९८४च्या चित्रपटासाठी भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी त्यांवर अख्खी भाषा उभी केली, १९८५ला शब्दकोश आला. व्यंजनं २१, स्वर ५. झालं.

आता फुकटातलं. क्लिंगॉन रोमन अक्षरांत लिहिताना जो कॅपिटल डी दिसतो तो आपला ड, आणि कॅपिटल एस म्हणजे पोटफोड्या ष. इंग्रजीवाले यासाठी घाम गाळतात. आपल्याला फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. ड हा ‘डबा’तला, ‘घोडा’तला नाही. घोड्यात जीभ नुसती झटकली जाते, इथे ती टेकून थांबते. आणि ष बोलताना आपण सर्रास श करतो, तो आळस इथे नको. लोष म्हणजे चार. जीभ ड जिथे लागतो तिथवर वळवा, टेकवू नका, हवा सोडा.

स्मॉल टी मात्र ना त, ना ट. टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला लावायचं आणि वर श्वासाचा झोत. म्हणून ‘तोड’ वाचताना मराठी त काढू नका. अर्थही आपला नाही हं, तोड म्हणजे तोडणं नव्हे, सुटका करणं.

बरं, आता मुद्दा. टी-एल-एच. ही तीन अक्षरं नाहीत, एक व्यंजन आहे. मी ‘त्ल्ह’ लिहिलंय ते नाइलाजाने. वाचणारा त म्हणतो, मग ल म्हणतो, मग ह फुंकतो, आणि विचारतो ‘जमलं का?’ नाही जमलं.

[क्लोज-अप, तोंड]

हिरडीवरचं तेच ठिकाण. टोक घट्ट लावा आणि सोडूच नका. सोडायच्या त्या जिभेच्या कडा, दाढांच्या बाजूच्या. दोन्ही बाजूंनी हवा फस्सकन बाहेर. टोक सुटलं की झाला साधा त. गळ्यावर बोट ठेवा, काहीही थरथरता कामा नये. ‘बाटली’ म्हणा, ल ला गळा थरथरतो ना? ती थरथर काढून टाकली की त्ल्ह जवळ आला.

तरी कळत नसेल तर उलटं करा. जीभ त्याच जागी ठेवून श्वास आत ओढा. गार कुठे लागलं? दाढांजवळ, जिभेच्या कडांना लागलं तर जागा बरोबर. टोकाला लागलं तर तुम्ही स काढताय. आता जीभ न हलवता तीच हवा जोरात बाहेर.

आणि तिसरी परीक्षा, शब्दाची: त्ल्हुत्ल्ह, म्हणजे पिणे. सुरुवातीला जमतं, शेवटी फसतं, कारण आपल्याला शेवटी एक अ चिकटवायची सवय. ‘त्लुटल’ ऐकू आलं की समजा गळा वाजला. कुणाकुणाचा तर थेट ळ लागतो. ळ मध्ये जीभ मागे वळते, इथे वळायची नाही.

‘असला आवाज माणसाच्या भाषेत असतो तरी का?’ असतो हो! मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेच्या नावातच शेवटी तो बसलाय. आपला टोमॅटोसुद्धा तिथल्या ‘तोमात्ल’वरून आलाय.

क्लिंगॉनला या भाषेतला शब्द त्ल्हिङन. त्ल्हि, ङन. मध्ये ग नाही. ‘त्लिंगन’ म्हणू नका.

क चं थोडक्यात, कारण लिपीत नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, आहे. स्मॉल क्यू म्हणजे क़, पडजिभेपाशी. कॅपिटल क्यू तिथेच, पण पाठोपाठ घशात खरखर. क़िप म्हणजे मारणे, खरखरीसकट क़्ख़िप म्हणजे मूर्ख असणे. वाक्यात कुठलं हवंय ते ठरवून बोला. व्ही आणि डब्ल्यू, दोन्हींना आपण एकच व लावतो. वाव म्हणजे वडील, पण सुरुवातीचा व ओठ गोल करून काढला तर विभागणे.

व्याकरणाला लोक उगाच घाबरतात. क्रम कर्म, क्रियापद, कर्ता. जगात दुर्मीळ, ब्राझीलच्या हिश्कारियाना भाषेत मात्र आहे. पण आपण घरी ‘चहा पितात बाबा’ म्हणतोच की. फरक एवढाच, आपल्याकडे ‘ला’ आहे, म्हणून शब्द कसेही फिरवले तरी कोण कोणाला बघतंय ते कळतं. इथे ‘ला’ नाही. पुक़ लेग़ याष: अधिकारी मुलाला बघतो. याष लेग़ पुक़: मूल अधिकाऱ्याला बघतं. जागा बदलली, अर्थ फिरला.

मी-तू कुठे गेले? क्रियापदाच्या सुरुवातीला चिकटले. ‘बघतोस’मध्ये आपल्याला तू ऐकू येतो, इथे तू आणि मला दोन्ही एका तुकड्यात. क़ालेग़, मी तुला बघतो. चोलेग़, तू मला बघतोस. काळ नाहीतच, काल-उद्याचे शब्द घाला. वा’ख़ु’ काल, वा’लेष उद्या. या शब्दांतली ’ ही खूण म्हणजे गळा क्षणभर बंद. उचकी अडवल्यासारखा.

सरावाला एकच वाक्य: डार्ग़ वित्ल्हुत्ल्ह. मी चहा पितो. डार्ग़ चहा, वि म्हणजे मी-त्याला. वडील पीत असतील तर वि काढा आणि शेवटी वाव लावा: डार्ग़ त्ल्हुत्ल्ह वाव. रेकॉर्ड करून ऐका. शेवटच्या त्ल्ह नंतर लगेच वाव येतो, तिथे ‘त्ल्हुत्ल-अ-वाव’ झालं तर पुन्हा दाढांपाशी जा.