शिकागो: बीनपासून नदीपर्यंत

शिकागोत उतरलेला पाहुणा पहिला फोटो काढतो तो इथेच, मिलेनियम पार्कमध्ये. इथल्या आरशासारख्या शिल्पाचं कागदोपत्री नाव 'क्लाउड गेट', पण गाव याला 'बीन'च म्हणतं, म्हणजे घेवड्याचा दाणा. शिल्पकार अनिश कपूर, जन्म मुंबईचा. उंची ३३ फूट, लांबी ६६. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे वेल्डिंग करून जोडलेत आणि मग सांधे इतके घासलेत, की आता शोधूनही सापडत नाहीत.

सेल्फी झाला की बहुतेक जण पाठ फिरवतात. तुम्ही मात्र कमानीखालून आत शिरा आणि मान वर करा. वरच्या खोलगट पोटात आपलीच प्रतिबिंबं दिसतात, कुठे ताणलेली, कुठे उलटी. त्यातलं नेमकं आपलं कोणतं ते हात हलवल्याशिवाय कळत नाही. आणि पायाखाली? जमीन नाही. ही सगळी हिरवळ रेल्वेच्या रुळांवर आणि वाहनतळावर छत टाकून उभी केली आहे.

रस्त्याच्या याच बाजूनं दक्षिणेला थोडं चाललं, की कांस्याचे दोन सिंह दिसतात. हे आर्ट इन्स्टिट्यूट, शहराचं कलासंग्रहालय. तिकीट स्वस्त नाही, पण इथे हात आखडता घेऊ नये. ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले, ते याच इमारतीत. मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी २०१० मध्ये त्या भाषणाचे शब्द इथल्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनी उजळले होते. रंग निवडले पाचच, अमेरिकी सरकार दहशतवादी धोक्याची पातळी सांगायला वापरत असे ते. असहिष्णुता संपवा असं सांगणारं भाषण, तारीख अकरा सप्टेंबर, आणि रंग धोक्याचे! वेगळं काही सांगावं लागतच नाही.

विलिस टॉवर चुकवू म्हटलं तरी चुकत नाही. ११० मजले, ४४२ मीटर. वाऱ्यापुढे तो टिकतो कसा, तर नऊ चौकोनी नळकांडी एकत्र बांधून, एकमेकांच्या आधारानं. ही करामत ढाक्यात जन्मलेल्या फजलुर रहमान खान यांची. १०३ व्या मजल्यावर काचेची गच्ची बाहेर काढली आहे, तिच्यावर उभं राहायला रांग लागते. दिवस एकच हाताशी असेल, तर स्पष्ट सांगतो: ती रांग सोडा, नदीवर चला.

कारण हे शहर बोटीतूनच नीट कळतं. १८७१ च्या आगीत मध्यवर्ती शिकागो जळून गेलं. मग नव्यानं बांधताना लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर इमारती चढू लागल्या. १८८५ मध्ये दहा मजल्यांचं अप्रूप होतं. आज दोन्ही काठांवर नुसते मनोरे. त्यात मरीना सिटीचे दोन, अगदी मक्याची कणसं उभी करावीत तसे!

पण खरा चमत्कार खाली, पाण्यात आहे. ही नदी पूर्वी मिशिगन सरोवराला मिळायची, शहराचं सांडपाणी घेऊन. आणि प्यायचं पाणीही त्याच सरोवराचं. शेवटी १९०० साली कालवा खोदून नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. तेव्हापासून ती सरोवराकडे पाठ करून वाहते.

बोटीत जागा वरच्या डेकवर धरा. आणि मे महिना असला तरी जाकीट न्या, सरोवरावरचा वारा कॅलेंडर बघत नाही.