अध्यक्ष बदलतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. पाठीच्या कण्याला मार बसून ज्यांची कमरेखालची किंवा मानेखालची हालचाल गेली, त्यांच्यासाठी नाशकात आम्ही काहीजण एक छोटी संस्था चालवतो. ज्यांनी ती सुरू केली त्या ताई या महिन्यात अध्यक्षपद सोडताहेत. त्यांच्या जागी येणारे दादा स्वतः व्हीलचेअर वापरतात. मी या संस्थेची विश्वस्त आहे आणि दोघांचंही काम जवळून पाहिलंय.

कागदोपत्री बदल कसा करायचा ते ठरलेलं आहे. सार्वजनिक न्यासांचा 1950 चा कायदा सांगतो की विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. शिवाय ठराव लिहायचा, बँकेतल्या सह्या बदलायच्या. हे वेळेत व्हायलाच हवं, त्यात हयगय नको. पण आमच्या संस्थेत सगळ्यात अवघड हस्तांतर आहे ते ताईंच्या मोबाइल नंबरचं.

तुम्हाला सांगते का ते. कुणी आंब्याच्या झाडावरून पडतो, कुणी विहिरीचं काम करताना, कुणाला हायवेवर गाडी उडवते. ऑपरेशन होतं, टाके निघतात आणि माणूस घरी जातो. कधी सातपूरच्या एका खोलीत, कधी सुरगाण्याच्या पाड्यावर. पुढे काय करायचं हे घरच्यांना पुरतं कुणी समजावलेलं नसतं. मग रात्री अकराला फोन येतो, "ताई, याचं डोकं फुटायला आलंय, तोंडावर घाम डबडबलाय, काय करू?" छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा असेल, तर असं होऊ शकतं. रक्तदाब एकाएकी चढतो. मूळ बहुतेक वेळा साधं असतं: लघवी तुंबलेली, लघवीसाठी घातलेल्या नळीला पीळ पडलेला किंवा पोट साफ न झालेलं. अशा वेळी माणसाला झोपवू नका, बसवा. कपडे, पट्टे सैल करा, नळी पाहा. एवढं करूनही उतार पडला नाही तर लगेच दवाखाना गाठा, कारण हे जिवावर बेतू शकतं.

हे सगळं ताई इतकी वर्षं फोनवरून शांतपणे सांगत आल्या. त्यांचा नंबर पाड्यापाड्यांवरच्या भिंतींवर खडूने लिहिलेला आहे. अध्यक्ष बदलले आणि फोन मात्र त्यांनाच येत राहिले, तर बदललं काय? म्हणून ताईंनी स्वतःचा तो जुना नंबरच संस्थेच्या नावावर करून दिला. आता तो तिघांकडे आळीपाळीने असतो आणि त्यातले दोघे स्वतः व्हीलचेअरवर आहेत.

काही देणगीदारांनी काळजीने विचारलं, "त्यांना झेपेल का?" त्यांना मी दिंडोरी तालुक्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. तिथला पंचविशीतला मुलगा घडी केलेल्या चादरीवर बसून असायचा. दादांनी आपली खुर्ची त्याच्या खुर्चीला भिडवली, त्याला हातावर भार देऊन थोडं उचलायला सांगितलं आणि आपला तळवा त्याच्या बुडाखाली सरकवला. "हाड थेट हाताला लागतंय," ते म्हणाले. चादर काढली, जाड कुशन घातलं, मग पुन्हा हात घालून पाहिलं. जिथे संवेदना नाही तिथे जखम होताना कळत नाही, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ आरशात कातडी पाहायची, लाल डाग दिसला की त्यावर भार द्यायचा नाही, खुर्चीत असताना दर पंधरावीस मिनिटांनी भार हलवायचा. सांगताना ते स्वतःही तसंच करून दाखवत होते. आम्ही निघताना त्या मुलाने हळूच विचारलं, "दादा, लग्न होईल का माझं?" हा प्रश्न त्याने आम्हा चालत्या माणसांपैकी कुणालाच विचारला नव्हता. दादा म्हणाले, "माझं अपघातानंतर झालंय. मुलगी चौथीत आहे."

आणि हे काही आजचं नाही. डॉ. मेरी वर्गीज 1954 च्या अपघातात अधू झाल्या, तरी व्हीलचेअरवर बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांच्या शस्त्रक्रिया केल्या आणि वेल्लोरचा पुनर्वसन विभाग उभा केला. मेजर अहलुवालिया 1965 च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोचले, त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून चालणं गेलं. दिल्लीतलं कण्याच्या इजांचं मोठं रुग्णालय त्यांच्याच पुढाकाराने उभं राहिलं. झेपण्याचा प्रश्न तिथेच मिटायला हवा.

ताईंबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे संस्थापक पद सोडतात, पण 'मार्गदर्शक' म्हणून प्रत्येक बैठकीत बसतात. मग सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडेच. सासूने किल्ल्या द्यायच्या आणि फडताळापाशी उभं राहायचं, तसं ते होतं. वर्षभर बैठकीला येणार नाही, हे ताईंनी स्वतःहून सांगितलं. विचारलं तर उत्तर देईन, म्हणाल्या, पण विचारल्याशिवाय नाही. माझ्या मते संस्थेला त्यांनी दिलेली ही सगळ्यात मोठी देणगी आहे.

दादा निवडून आल्यावर पहिल्यांदा हलवलं ते आमचं ऑफिस. ते पहिल्या मजल्यावर होतं, लिफ्ट नाही. ज्यांच्यासाठी संस्था, त्यांना दोघांनी उचलून वर न्यावं लागायचं. आता पंचवटीत तळमजल्यावर जागा घेतली आहे, दाराशी उतार केला आहे. सह्या बदलायला बँकेत गेलो तर तिथे पाच पायऱ्या होत्या. अधिकारी कागद घेऊन खाली फुटपाथवर आले, दादांनी मांडीवर फाइल ठेवून सही केली आणि तिथेच उताराच्या मागणीचा अर्जही त्यांच्या हातात दिला. त्याचा पाठपुरावा चालू आहे.

तुमच्या गावात, वस्तीवर कुणी असं खाटेवर पडून असेल तर या रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर आम्हाला दोन ओळी लिहा. नाव, गाव आणि इजा कधी झाली, एवढं पुरे. या महिन्यात दादा पेठ आणि सुरगाणा करणार आहेत, पुढच्या महिन्यात निफाडकडे येतील. नमस्कार.